औषधापुरती

चष्मेवाल्यांनी दारूच्या दुकानाची पायरी आयुष्यात पहिल्यांदा चढली ती पन्नाशी उलटल्यावर, आणि तीही बायकोसाठी. हे त्यांनी तेव्हाच कुणाला तरी धडपणे सांगितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बायकोसाठी दारू आणायला गेलो होतो, हे वाक्य सभ्य माणसाने कुठे आणि कुणाला सांगायचं? त्यातून ती बायको म्हणजे बाई.

बाई गल्लीच्या टोकाला असलेल्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. ज्यांची मुलं शाळेत होती ते त्यांना बाई म्हणत, जे स्वतः त्यांच्या हाताखालून गेले होते ते म्हणत, आणि ज्यांचा शाळेशी काही संबंध नव्हता तेही आपण मागे पडायला नको म्हणून बाईच म्हणत. चष्मेवाले घरात त्यांना ‘अगं’ म्हणत असले, तरी चारचौघांत त्यांच्याही तोंडून ‘बाई घरी नाहीत’, ‘बाईंना विचारून सांगतो’ असंच येई. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आपण एका संस्थेशी संसार करतो आहोत ही भावना त्यांच्या मनातून पुरती गेली नव्हती.

तर या बाईंची झोप गेली. एकाएकी नाही. आधी उशिरा लागायला लागली, मग तुटायला लागली, आणि शेवटी बाई अंथरुणावर डोळे मिटून शिस्तीत पडून राहत, पण त्या जाग्या आहेत हे शेजारी झोपलेल्या माणसालाही कळे. चष्मेवाल्यांनी विचारलं की त्या म्हणत, “काही नाही. झोपा तुम्ही.” आणि चष्मेवाले झोपत. झोपेच्या बाबतीत ते आज्ञाधारक होते.

पण दिवसाढवळ्या त्यांना काळजी वाटे. त्यांचं चष्म्याचं छोटंसं दुकान होतं आणि दुकानात येणाऱ्या माणसाशी बोलण्याखेरीज निम्मा दिवस दुसरं काम नसे. त्यांनी गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, ओळखीच्या ओळखीला उपाय विचारायला सुरुवात केली. मुख्याध्यापिकेला झोप येत नाही म्हटलं की पालक शाळेत काय चाललंय ते विचारायला येतील, म्हणून विचारताना ते ‘मला झोप येत नाही’ असं विचारत. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हे पहिलं खोटं. ते इतकं लहान आणि इतकं सोयीचं होतं की त्यांना ते खोटं वाटलंसुद्धा नाही.

उपाय मात्र भरपूर मिळाले. जगात इतर कुठल्याही विषयातलं ज्ञान लोक राखून ठेवतात, पण झोपेवर प्रत्येक जण बोलायला मोकळा असतो. कुणी गरम दूध सांगितलं, कुणी कोमट पाण्यात पाय. भिंतीपलीकडे राहणाऱ्या गायनमास्तरांनी डाव्या कुशीवर पडून मनातल्या मनात लांब सा लावायला सांगितला. बाईंनी तो लावून पाहिला, पण तो मनातल्या मनात राहीना आणि मग चष्मेवाल्यांचीही झोप उडाली. इमारतीचे सचिव म्हणाले, “मी सांगतो तुम्हाला रामबाण. आपल्या इमारतीची नियमावली वाचायला घ्या. दुसऱ्या पानाच्या पुढे मी आजवर गेलेलो नाही.” बाईंनी नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचली, लाल पेनाने शुद्धलेखन तपासलं आणि सकाळी सचिवांकडे परत पाठवली. सचिवांना ते आवडलं नाही. चष्मेवाल्यांचं अक्षर इतकं वळणदार असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, एवढंच ते म्हणाले.

शेवटचा उपाय सांगितला कप्तानांनी. वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ मालवाहू जहाजांवर आयुष्य काढून आता जमिनीवर एकटे राहत होते, आणि जिना उतरतानाही कठडा असा धरत की इमारत कधीही कलंडेल.

“चष्मेवाले,” ते म्हणाले, “वादळात जहाज उभंआडवं होत असायचं, आणि मी झोपलेलो असायचो. कशाच्या जोरावर? झोपायच्या आधी दोन घोट रम. जास्त नाही. औषधापुरती.”

चष्मेवाल्यांनी हे बाईंच्या कानावर घातलं ते चेष्टेच्या सुरात, म्हणजे बाई चिडल्या तर चेष्टाच होती असं म्हणता आलं असतं. बाई चिडल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “आणा.”

बाईंनी आजवर कुठलीच नवी गोष्ट एका शब्दात मान्य केली नव्हती. घरात नवीन पडदे यायलासुद्धा चर्चेच्या तीन फेऱ्या लागत. हा ‘आणा’ चष्मेवाल्यांना तिथल्या तिथे खटकायला हवा होता. पण ते त्या वेळी, बाटली आणायची कुठून, या विचारात गढले होते.

जवळच्या दुकानात जाणं शक्यच नव्हतं. ते बसने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. तिथे आपल्याला कुत्रंही ओळखणार नाही अशी त्यांची खात्री होती. दुकानाला जाळी होती. जाळीत एक चौकोनी भोक होतं, आणि भोकापलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकावर चष्मेवाल्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेली काच होती.

“अरे, चष्मेवाले!” तो माणूस आनंदाने म्हणाला. “नंबर एकदम बरोबर बसला हं. आणि बाई कशा आहेत? मी त्यांच्याच शाळेतला.”

ज्याला ज्याला चष्मा आहे त्याला आपण ओळखीचे असू शकतो, हा विचार चष्मेवाल्यांनी केलेला नव्हता. त्यांनी हळूच काय हवं ते सांगितलं. तो माणूस गंभीर झाला. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून देताना त्याने आवाज खाली आणला. “काळजी करू नका. बाईंना मी काही सांगणार नाही.”

“उपकार होतील,” चष्मेवाले म्हणाले. दुसरं काय म्हणणार? परतीच्या बसमध्ये त्यांनी पुडकं मांडीवर आडवं धरलं, उभं धरलं, पिशवीत टाकलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली कशीही धरली तरी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटलीसारखीच दिसते, असा निष्कर्ष त्यांनी घर येईपर्यंत काढला.

बाईंनी खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने माप घेतलं, डोळे मिटून ते गिळलं, तोंड वाकडं केलं आणि वाचायला पुस्तक उघडलं. पान उलटायच्या आत त्या झोपल्या. चष्मा नाकावर, पुस्तक छातीवर. चष्मेवाले कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. कप्तान हा थोर माणूस आहे, असं त्यांना मनापासून वाटलं.

रात्री मध्येच त्यांना जाग आली ती दिव्याच्या उजेडाने. बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. कपाळ घामाने ओलं, हात छातीवर.

“झाली झोप?”

“झाली का संपली, ते कळत नाही,” बाई म्हणाल्या. “धडधडतंय नुसतं. कुणीतरी हाक मारून उठवल्यासारखं झालं.”

पुन्हा पडण्यात अर्थ नव्हता. बाईंनी पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं, आणि चष्मेवाले त्यांच्या सोबतीला स्टूल धरून उभे राहिले. सकाळी कपाट लखलखीत होतं आणि दोघांचे चेहरे धुऊन पिळल्यासारखे. बाई डोकं धरून शाळेत गेल्या.

“मात्रा कमी पडली,” कप्तान म्हणाले. “लागते आहे ना झोप? मग ती पुरवायची, एवढंच.”

मात्रा वाढली. झोप आणखी लवकर लागायला लागली आणि आणखी वाईट तुटायला लागली. पहिला भाग मेल्यासारखा, दुसरा भाग फाटका. त्या फाटक्या भागात घरातलं एकेक कपाट आवरून झालं, मग माळा आवरून झाला, मग आवरायला काही उरलं नाही तेव्हा आवरलेलं पुन्हा विस्कटून आवरलं. शिवाय एक नवीनच गोष्ट सुरू झाली. बाई घोरू लागल्या. साधंसुधं नाही. बाईंच्या एरवीच्या आवाजात जो अधिकार होता तो सगळा त्यात उतरला होता, आणि मधेच तो आवाज अडून थांबे, इतका की चष्मेवाले श्वास रोखून उठून बसत. मग एक हिसका बसून तो पुन्हा सुरू होई आणि चष्मेवाले पुन्हा आडवे पडत.

एका सकाळी गायनमास्तर जिन्यात भेटले. “रागावू नका,” ते म्हणाले, “पण तुमचं घोरणं हल्ली खर्जाच्याही खाली चाललंय. मला त्याचं एवढं काही नाही. पण मधे तुम्ही थांबता ना, ते फार वाईट. पुढचा सूर कधी येतोय याची वाट बघत मी जागा राहतो.”

“माफ करा,” चष्मेवाले म्हणाले. “बघतो काही करता येतं का.”

इथपर्यंत त्यांच्या नावावर निद्रानाश, एक बाटली आणि घोरणं जमा झालं होतं. त्यात डोळ्यांची भर पडली. रोज रात्री स्टूल धरून उभ्या राहणाऱ्या माणसाचे डोळे दिवसा जसे दिसायला हवेत तसेच त्यांचे दिसत, म्हणजे लाल. किराणा दुकानदाराचे डोळे लाल असले तर कुणी बघायला जात नाही. पण दुसऱ्याचे डोळे तपासणाऱ्या माणसाचे डोळे लाल असून कसं चालेल? गिऱ्हाइकं खुर्चीत बसत, चष्मेवाले विजेरी घेऊन त्यांच्या डोळ्यात बघायला वाकत, आणि गिऱ्हाइक उलट त्यांच्याच डोळ्यात बघत राही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या त्या जाळीवाल्याने बाईंना काही न सांगण्याचं वचन अक्षरशः पाळलं होतं. बाकी कुणाला सांगणार नाही, असं तो म्हणालाच नव्हता.

आणि मग सचिवांच्या चष्म्याचं झालं. त्यांच्या दोन डोळ्यांना दोन वेगळे नंबर होते. जांभया देत देत चष्मेवाल्यांनी उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवली. सचिव नवा चष्मा घालून ऐटीत निघाले, इमारतीच्या जिन्यावर पोचले, तिथे नसलेली एक पायरी उतरले आणि कप्तानांच्या कुंडीत बसले. लागलं काही नाही. पण सचिव कुंडीत बसलेले असताना तीन बिऱ्हाडांची दारं उघडी होती.

काच बदलून देताना चष्मेवाल्यांनी इतक्यांदा माफी मागितली की सचिवांची उरलीसुरली शंकाही फिटली. एवढी माफी शुद्धीत काम करणारा माणूस मागत नाही.

नेमका त्याच सुमाराला दुकानाचा परवाना नूतनीकरणाला आला. कचेरीतल्या कारकुनाने सगळे कागद उलटसुलट केले आणि म्हणाला, “चारित्र्याचा दाखला लागेल. परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीचा. शाळेचे मुख्याध्यापक चालतील.”

“मुख्याध्यापिका माझ्या पत्नीच आहेत.”

“मग त्या चालणार नाहीत. त्या चांगलंच लिहिणार, असा आक्षेप येतो.”

“वाईट लिहिलं तर?”

कारकुनाने यावर विचार केला. “त्याची नियमात तरतूद नाही. इमारतीच्या सचिवांचा आणा.”

सचिवांनी चष्मेवाल्यांना बसवलं, पाणी दिलं आणि खाली बघत म्हणाले, “मी खोटं लिहून देणार नाही. पण तुम्ही सोडायचं मनावर घेत असाल, तर इमारत तुमच्या पाठीशी आहे.”

‘ती माझी नाही हो’, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे सकाळची प्रार्थना आली. मैदानावर रांगेत उभी असलेली पोरं, कडेला पालक, आणि समोर ताठ उभ्या बाई. त्या पालकांनी एकमेकांना कोपराने ढोसलेलं त्यांना दिसलं. ते म्हणाले, “विचार करतो.”

तो कबुलीजबाबच झाला. घरी येताना त्यांना अपमान तर वाटलाच, पण त्याखाली कुठेतरी थोडासा मोठेपणाही वाटला. आपण बाईंसाठी काहीतरी सोसतो आहोत आणि बाईंना त्याची कल्पनाही नाही. हे सोसणं बाईंना कधीतरी योगायोगाने कळावं, अशी एक अंधूक इच्छाही त्यांच्या मनात होती. ती इतक्या लवकर पुरी होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी सचिव, गायनमास्तर आणि कप्तान असे तिघं मिळून घरी आले. चष्मेवाल्यांना वाटलं नळाच्या पाण्याचं काही असेल. बाईंनी चहा आणला. सचिवांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत.

“बाई, तुम्हीही बसा,” ते म्हणाले. “विषय नाजूक आहे. तुम्ही आजवर एका शब्दाने बोलला नाहीत, त्यातच तुमचं मोठेपण आहे. पण आम्हाला कान आहेत, डोळे आहेत.”

“रात्री भांडी, कपाटं पाडल्याचे आवाज येतात,” गायनमास्तर म्हणाले.

“मला दोष द्या,” कप्तान म्हणाले. “मी दोन घोट म्हणालो होतो. सगळ्यांना सांभाळता येतेच असं नाही.”

बाई एकेकाकडे बघत होत्या. मुलांच्या भांडणात कोण खरं बोलतंय हे ठरवताना बघत तशा. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चष्मेवाले आपल्या चपलांचं निरीक्षण करत होते.

“हे कधीपासून चाललंय?” बाईंनी विचारलं.

“तुम्हालाच ठाऊक,” सचिव हळुवारपणे म्हणाले. “दाखल्याचंही अडलंय त्यांच्या. मी काय लिहू?”

“दाखल्याचं मला सांगितलं नाहीत,” बाई नवऱ्याला म्हणाल्या. मग त्या उठून उभ्या राहिल्या. बसून बोलायची त्यांना सवय नव्हती. “हे पीत नाहीत. मी पिते. मला झोप येत नाही, म्हणून घेते. घोरते ती मी, कपाटं आवरते ती मी. यांनी बाटली आणली, आणि ती आणायला सांगितली या—”

त्यांचं बोट कप्तानांकडे होतं. तोंड उघडं होतं. पण पुढचा शब्द आला नाही. सगळे थांबले. कुणाला आधी काही कळलं नाही. वाटलं, रागाने शब्द फुटत नाही. बाईंचं बोट तसंच हवेत राहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते चष्मेवाल्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. ती भीती होती.

“कप्तान,” कप्तान हळूच म्हणाले.

“कप्तानांनी,” बाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

चष्मेवाल्यांनी पाहुण्यांना निरोप दिला की ते आपणहून गेले, हे नंतर त्यांना आठवलं नाही. ते स्वयंपाकघरात गेले तेव्हा बाई धुतलेले कप पुन्हा धूत होत्या.

“आज पहिल्यांदा झालेलं नाही हे,” पाठ न वळवता त्या म्हणाल्या. “रोजची प्रार्थना. इतकी वर्षं म्हणते आहे. दुसरी ओळच सापडेना. पोरांनी पुढे म्हटली म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शब्द जायला लागले. मग माणसं.”

चष्मेवाल्यांनी त्यांच्या हातातून कप घेतला आणि फडक्याने पुसला.

“रात्री पडलं की दिवसभरात काय काय विसरले ते आठवत बसायची. कुठली झोप येणार? तुम्ही रम म्हणालात तेव्हा वाटलं, निदान त्याच्यातून सुटका.” त्यांनी नळ बंद केला. “आणि ती प्यायला लागल्यापासून जास्तच विसरायला लागले.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही लगेच दहा जणांना विचारून आला असतात.”

इतके दिवस चष्मेवाले स्टूल धरून उभे होते, घोरणं आपल्या नावावर घेत होते, दाखला अडवून घेत होते. या सगळ्यात आपण एकदाही खाली बसून, तुला झोप का येत नाही, एवढं विचारलं नाही. विचारलं होतं, पण उत्तर यायच्या आत झोपलो होतो. सोसण्याचा जो काही मोठेपणा त्यांनी साठवला होता, तो ओट्यापाशी उभ्या उभ्या संपला.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. मध्यम वयाची, मोजकं बोलणारी स्त्री होती ती. चष्मेवाल्यांचंच गिऱ्हाईक. तिने आधी सगळं ऐकून घेतलं, रमचंही.

“दारूने झोप लागते हे खरं आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर लोक फसतात. ती तुम्हाला झोपेत ढकलते. पण अंगातून उतरायला लागली की शरीर दचकून जागं होतं. मग उरलेली रात्र तुकड्यातुकड्यांची. घसा सैल पडतो, घोरणं वाढतं, श्वास अडतो, पुन्हा जाग येते. बाहेरून दिसतं की माणूस झोपलाय. आत विश्रांती अशी नाहीच. मग दिवसा शब्द हरवतील नाहीतर काय?”

“म्हणजे आईसारखं नाही?” बाईंनी विचारलं.

डॉक्टर चष्मेवाल्यांकडे वळली. “धूळ बसलेल्या काचेतून बघायला लावून तुम्ही कुणाचा नंबर काढाल का?”

“आधी काच पुसेन.”

“मीही तेच म्हणते. न झोपलेल्या माणसाची स्मरणशक्ती तपासण्यात अर्थ नाही. बाटली बंद करा, झोप जागेवर येऊ दे, मग तपासू. आज मी नाही म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही. सुरुवातीला काही रात्री आणखी वाईट जातील. जाऊ द्या. झोप आली नाही तर उठून बसा. कपाट आवरू नका. आणि हल्ली डोकं दुखतं म्हणता, तर डोळेही तपासून घ्या.”

उरलेली बाटली घेऊन चष्मेवाले वर कप्तानांकडे गेले. त्यांना दोन शब्द सुनवायचं मनात होतं. कप्तानांनी दार उघडलं, बाटली पाहिली आणि घेतली नाही.

“जहाजावर झोपायचो हे खोटं नाही,” ते म्हणाले. “तिथे पहाऱ्याची पाळी आली की कुणीतरी उठवायचंच, त्यामुळे मधेच जाग येते हे कधी कळलं नाही. इथे उठवायला कुणी नाही, तरी जाग येते. रोज उजाडेपर्यंत त्या खुर्चीत बसलेला असतो मी.”

“मग मला का सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत,” कप्तान म्हणाले. “मला हल्ली कुणी काही विचारत नाही.”

चष्मेवाल्यांचे दोन शब्द तिथेच विरले. दोघांनी मिळून बाटली मोरीत ओतली आणि वास जाईपर्यंत नळ सोडून ठेवला.

सचिवांनी दाखला आपण होऊन आणून दिला. लाजेपोटी त्यांनी जरा जास्तच मनापासून लिहिला होता. ‘सदर गृहस्थ अत्यंत सद्वर्तनी असून अजिबात मद्यपान करीत नाहीत.’ कारकुनाने तो दोनदा वाचला.

“पितात का, असं कुणी विचारलं होतं?”

“नाही.”

“मग लिहिलं कशाला?” असं म्हणून तो चष्मेवाल्यांच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला. पण शिक्का मारला.

शाळेत व्हायचं ते झालं. पालकांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. बाई रोजच्यासारख्या समोर ताठ उभ्या राहिल्या. एका आजीबाईंनी फाटकापाशी गाठून त्यांना विचारलं, झोपेसाठी ते घेतात म्हणे, मी घेऊ का? बाई म्हणाल्या, नका घेऊ, आणि का नाही ते तिथल्या तिथे नीट समजावून सांगितलं. विषय वाढेल असं चष्मेवाल्यांना वाटलं होतं, पण आठवड्याभरात लोकांना दुसरं काहीतरी मिळालं.

रात्री मात्र डॉक्टर म्हणाली होती तशाच गेल्या. बाई उठून बसत, चष्मेवालेही उठून बसत. स्टूल धरायचं नव्हतं म्हणून बोलत. बाई त्यांच्या आईबद्दल सांगत. ती शेवटी शेवटी लेकीला कुणी परकी समजून कशी अदबीने बोलायची, जाताना ‘पुन्हा या’ म्हणायची, हे चष्मेवाल्यांनी इतक्या वर्षांत प्रथमच ऐकलं. त्यांनी त्यावर कुठलाही उपाय सुचवला नाही. त्यांना ते फार जड गेलं.

अशाच एका दिवशी शाळा सुटल्यावर बाई दुकानात आल्या. दुकानदाराच्या बायकोचा चष्मा कितीतरी वर्षांत बदललेला नव्हता. मागच्या अंधाऱ्या खोलीत चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला, तपासणीची जड फ्रेम नाकावर ठेवली आणि एकेक काच घालायला सुरुवात केली.

“ही बरी का ही बरी?”

“आधीची.”

“आता?”

“ही.”

काचा हुडकायला ते वळले. योग्य काच सापडायला थोडा वेळ गेला. ती बसवून ते फ्रेमच्या बाजूला उभे राहिले. “वरची ओळ वाच.”

बाई बोलल्या नाहीत.

“मोठी अक्षरं आहेत ती. पहिलं कुठलं?”

काहीच नाही. तक्त्यावरचं पहिलं अक्षर हाताच्या पंजाएवढं होतं. शाळेत पाऊल न टाकलेलं पोरही ते सांगतं, आणि या बाईंनी ते हजारो पोरांना शिकवलं होतं. आता शब्दांबरोबर अक्षरंही गेली की काय? आपण काय करायचं, हळूच सांगायचं का, कप्तानांनी सांगितलं तसं? त्यांनी ते अक्षर सांगायला तोंड उघडलं, आणि खाली वाकून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

जाड काचांमागे डोळे मिटलेले होते. मान किंचित कलली होती. श्वास एकसारखा येत-जात होता, मधे कुठेही न अडता.

चष्मेवाले कितीतरी वेळ हलले नाहीत. फ्रेम काढावी तर जाग येईल, म्हणून ती तशीच राहू दिली. तक्त्याचा दिवा मालवला. त्या खोलीचं दार उघडंच ठेवून, पाऊल न वाजवता बाहेर आले, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. गिऱ्हाइकीची वेळ होती. एक गिऱ्हाईक आलं आणि दार बंद बघून गेलं. एक ओळखीचा माणूस हात करून पुढे गेला. मग एक अनोळखी म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. चष्म्याची एक काडी हातात, उरलेला चष्मा कानाला अडकवलेला.

“बंद केलंत?”

“बसा इथेच. करून देतो.” चष्मेवाल्यांनी खिशातून बारीक पेचकस काढला आणि पायरीवर, उजेडात धरून काडी बसवायला घेतली. म्हाताऱ्यांनी दुरुस्त झालेला चष्मा डोळ्यांना लावला, रस्त्याकडे पाहिलं, आणि सहज काचेच्या दारातून आत डोकावून पाहिलं.

“आत अंधारात कुणीतरी बसलंय हो.”

“माझी बायको आहे,” चष्मेवाले म्हणाले. “झोपली आहे.”

म्हातारे गृहस्थ पुढे काहीतरी विचारणार होते. पण चष्मेवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तो विचार बदलला, आणि काठी न टेकवता, हातातच धरून, हळूच पायरी उतरले.